सरडीण माती उकरतेय

ठमे,

दार वाजवलं की तू जास्तच गप्प होतेस, म्हणून ही चिठ्ठी फटीतून सरकवतोय.

तुझ्या त्या बोटाएवढ्या सरड्यांमधली मोठी सरडीण सकाळपासून फांदीवरून खाली उतरून काचेच्या पेटीतली माती उकरतेय. एक कोपरा उकरते, सोडते, दुसऱ्या कोपऱ्यात जाते. पोट टम्म फुगलंय. खायला फळमाश्या सोडल्या, तर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तू करतेस तसं पानांवर पाणी फवारलं. ऊन येत होतं म्हणून पडदा ओढला. मग तू हे सरडे जिथून आणलेस त्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "अंडी घालायची असतील, काका. माती कमी पडतेय किंवा कोरडी आहे. लवकर बघा, नाहीतर अंडी पोटातच अडकून जीव जाईल तिचा."

मी काय बघू? आयुष्यभर ट्रकची इंजिनं उघडली, पण हिचा पाय माझ्या नखाहून बारीक. हात घालायचा धीर होत नाही. चेपली गेली तर?

पेटी तुझ्या दाराशी आणून ठेवली आहे. शेजारी मातीची पिशवी आणि तुझा छोटा चमचा. ताटही झाकून ठेवलंय, पण नाही जेवलीस तरी मी काही म्हणणार नाही.

मी गॅरेजला निघालो. आईला मावशीकडे पाठवलंय. संध्याकाळपर्यंत घरात कोणी नाही. काय झालं, कोण काय बोललं, कोणी विचारणार नाही. तू फक्त बाहेर ये गं. मला खरंच काही सुचत नाही.

बाबा