सोनाराची सुई

जुना जालना,
१२ मार्च १९९४

तीर्थरूप मायला द्वारकाचा नमस्कार.

मी बरी हाय. तिकडं आल्ते तव्हा टोचलेलं नाक जरासं सुजलंय, पण नर्सबाई रोज धुऊन देती. तुझी कंबर कशी हाय? म्हैस व्याली का?

शेवंते, इथून पुढं मनातच वाच, मायला ऐकू देऊ नको. नाकात पू झालाय, एक डोळा उघडत न्हाई. नर्सबाईनं विचारलं, सुई उकळली होती का? माझं नाक टोचल्यावर सोनारानं ती नुसती धोतराला पुसली, अन् मंग त्याच सुईनं तुझं नाक टोचलं.

तुझं नाक दुखतं का गं? तार फिरवू नको, हळद-तेल लावू नको. दुखत नसलं तरी पहिल्या एस्टीनं ये, नर्सबाईला दाखवू. मला लई भेव वाटून राह्यलं.

मायनं विचारलं तर म्हण, अक्काला करमंना.

तुझी अक्का