बांगडीचं माप

१० जानेवारी १९७९
मी सांगते, नात सुमन लिहिते. फुकट नाही, पानामागे एक शेंगापोळी.
संक्रांतीच्या बांगड्या भरायला कासारीण चिमाक्का आली. माझी सुजून वळलेली बोटं बघून म्हणाली, "आज्जी, तुमाला आता गाडीचं चाकच भरावं लागतंय की." म्हटलं, भर, हिरवं असू दे.
मग सुमनचा हात घेतला. दोन फुटल्या. माप गेल्या वर्षीचंच. चिमाक्कानं तिची बोटं पाहिली, मग माझी.

११ जानेवारी
सुमन म्हणते, सकाळी नको, दुपारी लिहू, टायपिंगचा क्लास असतो. क्लास संध्याकाळी असतो.
मला अक्षर येत नाही. पण सकाळी ती चहाचा कप बोटांनी न धरता दोन्ही तळव्यांत धरते, ते वाचता येतं. हेही लिही.

१५ जानेवारी
दवाखाना. डॉक्टरांनी परत विचारलं, "घराण्यात कुणाला असं होतं का?"
"न्हाय. गार पाण्यात धुणी धुऊन झालंय."
म्हणाले, हा संधिवात धुण्यानं होत नाही. रोगाला अडवणारी अंगातली राखणच आपल्या सांध्यांवर उलटते. काहींच्या रक्तात जन्मापासून खुणा असतात, आईबापाकडून आलेल्या. परदेशात आता सापडायला लागल्यात. खूण असली की धोका जास्त, पण रोग होतोच असं नाही.
सुमननं विचारलं, "ती खूण हितं तपासतात?"
"इथं नाही. कुणासाठी विचारतेस?"
"आज्जीसाठी."
आज्जीला झालेलंच आहे, तिची खूण कशाला शोधायची! लबाड. माझ्यावरच गेली.

१६ जानेवारी
लिही, थांबू नको. माझ्या आईचे हात असेच वळले होते. माझ्या लग्नात तिला वैरागला मावशीकडे धाडलं. मांडवात सांगितलं, तापानं पडलीय. सासरच्यांनी हात पाहिले असते तर सोयरीक मोडली असती. पोरीच्या लग्नाला आई नाही. तेव्हापासून "कुणाला न्हाय" तोंडात बसलंय. काल डॉक्टरांपुढंही तेच निघालं, आणि तू शेजारी बसलेली.
सुमननं पेन खाली ठेवलं. "तिला, तुला, मग मला?"
म्हटलं, मधे तुझा बाप हाय की. मुठीनं नारळ फोडतो. माझ्या तिघी बहिणींनाही काही झालं न्हाय.
"पण बांगड्या माझ्या फुटल्या, आज्जी."


१७ जानेवारी
चिमाक्काला परत बोलावलं. सुमनला एक माप मोठ्या भरल्या. "यंदा अशाच घालतात की," म्हणाली. शहाणी बाई.

१९ जानेवारी
उद्या दवाखाना. आधी माझ्या आईचं सांगणार, मग सुमनचा हात पुढं करणार. टायपिंगची परीक्षा पुढच्या महिन्यात. विचारते, "बंद करा म्हणतील का?" मी काय डॉक्टर आहे?
सकाळी आखडलेली बोटं मोकळी झाली की सुमन वेणी घालायला बसते, तेव्हा बांगड्या वाजतात. काल ऊन अंगणात आल्यावर वाजल्या. आज त्याच्या जरा आधी. मी अंथरुणातच होते, ऐकत.