बत्तीस व्होल्टची म्हातारी

५ ऑक्टोबर

बोटींचा दलाल फार हसतो. एवढं हसण्यासारखं माझ्यात काय आहे, हे मला बावन्न वर्षांत सापडलेलं नाही.

घरमालकांचा मुलगा परत येतोय, एकतीस तारखेला जागा रिकामी करून द्यायची आहे. एकोणीस वर्षं राहिलो तिथे. माझ्या पुंजीत या शहरात न्हाणीघराएवढी जागा येते – किंवा जुनी मोटर-यॉट, जिच्यात राहता येतं! धक्क्यावर तशी पाच-सहा बिऱ्हाडं आहेतच. आज दोन पाहिल्या. एक फायबरची, पांढरी, आतून-बाहेरून फ्रिज. दुसरी लाकडी, साठीची, म्हणजे माझ्याहून थोडी थोरली. पितळी कड्या, गोल खिडक्या आणि केबिनभर लांब फळी. माझे संस्कृतचे कोश उभे राहतील एवढ्या उंचीची! तिथेच मी कामातून गेलो. चेहरा मात्र कोरा ठेवला. दलालाने तो वाचलाच.

"साहेब, घ्यायच्या आधी वायरिंगवाल्या बाईंना दाखवा. सगळा धक्का त्यांचं ऐकतो."

दलाल आपणहून तपासायला माणूस सुचवतो? मनात पाल चुकचुकली.

६ ऑक्टोबर

वायरिंगवाल्या बाई भेटल्या. पन्नाशीच्या. चष्मा दोरीला बांधलेला, एक टेस्टर खिशात, दुसरा जिभेवर.

"करता काय?"

"वार्ताहर आहे."

"म्हणजे बातमीवाले. फ्यूज बदलता येतो का, बातमीवाले?"

खोटं बोलणार होतो. "नाही."

"बरं झालं, आधीच सांगितलंत."

म्हातारीच्या (लाकडी बोटीचं नाव मी आजपासून हेच ठेवलंय) बॅटऱ्यांचं झाकण बाईंनी उघडलं, आत बघितलं, बंद केलं. "बत्तीस व्होल्ट. घेऊ नका."

एवढंच! फळीवर माझे कोश ठेवायचेत म्हणालो, कारण विचारलं. "बारा व्होल्ट मोटारींचं, चोवीस ट्रकचं. दिवा गेला, पंप गेला, तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. बत्तीस आता कुणाचंच नाही. लाकडी बोट रोज थोडं पाणी पिते. तळातला पंप ते उपसत राहतो. तो थांबला तर पुस्तकं माशांना वाचायला द्याल."

मी म्हटलं, धुरावरून अग्नी ओळखावा तसं एखादं लक्षण सांगा, म्हणजे आधी कळेल.

"धूर दिसला तर ओळखत बसू नका. उडी मारा."

संस्कृत न्यायशास्त्र वाचण्यात घातलेली इतकी वर्षं एका वाक्यात पाण्यात.

९ ऑक्टोबर

ताईचा फोन. "अरे, तुला बादलीत पाय घालायची भीती, आणि तू बोटीत राहणार?" म्हटलं, बोटीचा उद्देशच पाय पाण्यात न घालणं हा आहे. ती म्हणाली, माझ्याकडे ये. मेहुण्यांचं घोरणं आठवलं. समुद्र बरा.

१२ ऑक्टोबर

बाईंना पुन्हा नेलं. बॅटरीची सोळा घरं, प्रत्येकात दोन व्होल्ट – एकेक मोजलं. सहा थकलेली, दहा ठणठणीत.

"आधीच्या मालकाला रेडिओला बारा व्होल्ट हवे होते. ते नेमके या सहा घरांवरून चोरले. घरात चार सुना असताना एकीलाच राबवायचं, तसं."

मीटरवरचे आकडे मीही पाहिले. मला ते घड्याळासारखे दिसले. म्हणजे प्रत्यक्ष मला कळत नाही, अनुमान बाईंनी मोडीत काढलं, उरलं शब्दप्रमाण, म्हणजे जाणत्याच्या शब्दावर विश्वास. पण शब्द प्रमाण कुणाचा? ज्याचा स्वार्थ नाही त्याचा. बाईंचा नाही कशावरून? एवढ्या वाईट बोटीच्या कडीवरून त्या जाता जाता हात का फिरवतात?

१५ ऑक्टोबर

फ्रिज, म्हणजे ती फायबरची बोट, पुन्हा पाहिला. चोवीस व्होल्ट. त्यात मी आठवडाभर ताजा राहीन, भाजीसारखा.

१८ ऑक्टोबर

सापडल्या!

रविवार म्हणून धक्क्यावर सहज गेलो. (सहज नव्हे. स्वतःच्या वहीत तरी खरं लिहावं.) बाई एकट्याच म्हातारीत. गोल खिडकीतून पाहिलं – पलंगाची लांबी टेपने मोजत होत्या, आणि गुणगुणत होत्या! तपासणीत पलंग कशाला? पलंगाला किती व्होल्ट असतात?

तडक धक्क्यावरच्या दुकानात. "बत्तीस व्होल्टचे दिवे आहेत?"

"होते की. डझनभर पडून होते कित्येक वर्षं. बाई परवा सगळे घेऊन गेल्या."

तरीच! मला 'घेऊ नका', आणि स्वतः दिवे साठवायचे. दलालाला विचारलं तर तो हसला. हा कटात आहे की याचं तोंडच तसं आहे, कळत नाही.

१९ ऑक्टोबर

म्हातारी घेतली. दलाल पहिल्यांदाच हसला नाही.

२० ऑक्टोबर

पुस्तकांचे चोवीस खोके बोटीवर नेले. तळाच्या फळ्यांवर रचले. बाई लांबून बघत होत्या. विजयाला प्रेक्षक असला की बरं वाटतं.

२२ ऑक्टोबर

सकाळी बाई आल्या. पायरीवर उभ्या राहूनच, "घेतलीत म्हणे."

इतके दिवस साठवलेलं बाहेर पडलं. "तुम्हालाच हवी होती!"

"हो."

मी पुढची चार वाक्यं तयार ठेवली होती. ती वाया गेली.

"मग मला 'घेऊ नका' कशाला सांगितलंत?"

"तुम्ही घेऊ नये, कारण तुम्हाला ती दुरुस्त करता येत नाही. मला हवी, कारण मला येते. गोष्ट एकच आहे, बातमीवाले." आणि एकदम बोट वर केलं. "थांबा. पंप का ऐकू येत नाही?"

पंप ऐकू यायला हवा, हेच मला माहीत नव्हतं! शांतता आहे म्हणून मी दोन दिवस खूश होतो.

फळी उचलली. पाणी खोक्यांपासून चार बोटांवर. मग त्या बादली भरून देत होत्या, मी बाहेर ओतत होतो. पाठीचा कणा आहे आणि तो किती लांब आहे, हे आज समजलं. दोन तासांनी त्यांनी पंप खोलला, झिजलेला तुकडा काढला, खिशातून दुसरा काढून घासून बसवला. घरघर सुरू झाली. इतकं गोड काही मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

"असे किती तुकडे आहेत तुमच्याकडे?"

"तीन. दुकानात एकही नाही."

चहा त्यांनीच केला, माझ्या हातांना कप धरवत नव्हता. म्हणाल्या, "माझी छोटी बोट, डबी, बघितलीत? सातव्या खुंटाला बांधलेली. अकरा वर्षं तिच्यात राहतेय. बारा व्होल्ट. अदलाबदल करता?"

विचार करतो म्हटलं. हातपाय गळालेले असताना पुढे केलेला प्रस्ताव! कुठेतरी पाणी मुरतंय.

२५ ऑक्टोबर

मोटारींच्या गॅरेजमधला मिस्त्री डबीवर नेला; तो कोण हे बाईंना सांगितलं नाही. (बाई शांतपणे बाजूला झाल्या, म्हणजे कळलंच असणार.) तो तासभर खाली वाकून होता. वर येऊन म्हणाला, "यात बिघडायला काही ठेवलेलंच नाही हो. कुणी केलंय हे काम?"

मी त्याला विडी दिली. मी विडी ओढत नाही. त्याच्याचकडून मागून त्यालाच दिली.

२७ ऑक्टोबर

बाईंना होकार. पण हे आधीच का नाही सुचवलंत, असं विचारलं.

"सुचवलं असतं तर म्हणाला असतात, स्वतःची जुनी बोट गळ्यात मारतेय."

म्हणालो असतो. पहिल्याच वाक्यात.

२९ ऑक्टोबर

कागद झाले. म्हातारी त्यांची, डबी माझी. निम्मी पुस्तकं म्हातारीच्या फळीवरच राहिली, डबीत मावेनात. बाई म्हणाल्या, "राहू दे. वाचायला याल तेव्हा चप्पल बाहेर." ताईला फोनवर सांगितलं. ती नुसतं "हं" म्हणाली. त्या "हं"वर माझा विश्वास नाही.

३१ ऑक्टोबर

डबीत आलो. प्रत्येक बटणाखाली चिठ्ठी चिकटवलेली आहे, बाईंच्या अक्षरात. "बातमीवाले, हा दिवा. फ्यूज डाव्या खणात, लाल." "बातमीवाले, हा पंप. घरघर थांबली की मला हाक मारा." "बातमीवाले, हे एक सोडून काहीही दाबा." कारागिराच्या सवयीने प्रत्येकीच्या कोपऱ्यात तारीख.

सगळ्यांवर एकच. ७ ऑक्टोबर. आमची ओळख झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशीची.