पहिल्या रविवारची फेरी

चीफ,

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि मी आज तुम्हाला पत्र लिहायला बसलोय. हसू नका. जहाजावर असताना मी घरी दोन ओळी लिहायलाही कंटाळायचो, म्हणून शेवटी तुम्हीच माझ्या आईला कार्ड टाकलं होतंत, 'मुलगा खातोपितो, काळजी नसावी.' असा माणूस आता पानंच्या पानं लिहितोय, म्हणजे याचं काहीतरी बिनसलंय, एवढं तुम्ही ओळखलं असेल. बायकोने मघाशी विचारलं, "अहो, कोणाला एवढं?" मी म्हटलं, कोणाला नाही. तिने चष्म्यावरून एकदा बघितलं आणि कुकर लावायला आत गेली.

आधी खबरबात सांगतो, तुम्हाला त्याची सवय होती. आपलं जहाज नौदलातून निवृत्त झालं तेव्हा तुम्ही होतात, पण ते तोडलं, ते बघायची वेळ तुमच्यावर आली नाही हे बरं झालं. आपल्यातला एकजण तिथे जाऊन हातभर पितळी पट्टी घेऊन आला, ती आता त्याच्या टीव्हीखाली पडून असते. बाकीचं लोखंड वितळून कुठे गेलं देव जाणे. करंजाड्यात माझ्या गॅलरीसमोर वर्षाला एक टॉवर उभा राहतोय आणि मी उगाच त्या सळ्यांकडे बघत उभा राहतो. बायको म्हणते, आत या, लोकांना वाटेल मुकादम आहात. तुम्ही माझ्या हातात रजिस्टर दिलंत तेव्हा त्यात त्रेसष्ट नावं होती. आता नऊ आहेत. दहावं गेलं आणि तेच सांगायला मी बसलोय, पण ते सरळ सांगायची हिंमत होत नाही, म्हणून जरा लांबून येतो.

तुम्हाला चौथं बेअरिंग आठवत असेल. मी जेमतेम एकोणीस वर्षांचा, माणदेशातला, समुद्र पहिल्यांदा बघितला तो नौदलात भरती झालो त्या दिवशी. इंजिन रूममध्ये चार तासांची वॉच आणि दर तासाला फेरी. जहाजाचा पंखा फिरवणारा तो लांबलचक दांडा सात बेअरिंगांवर तोललेला. प्रत्येक बेअरिंगच्या तेलात थर्मामीटर खोचलेला. तो वाकून वाचायचा आणि लॉगबुकात आकडा लिहायचा. पहिली तीन सोपी. चौथ्यासाठी मात्र पाइपांखालून सरपटत जायला लागायचं, पाठ भाजायची, कपाळाला टेंगूळ यायचं. आणि त्याचा आकडा कधी बदलायचा नाही. कालही चौपन्न, परवाही चौपन्न. मग मी फेरी न मारताच चौपन्न लिहायला लागलो. एके दिवशी तुम्ही वॉच संपताना लॉगबुक उघडलंत, माझ्या ओळीवर बोट ठेवलंत आणि दुसऱ्या हाताने खिशातून थर्मामीटर काढून टेबलावर ठेवलात. "ह्यो तीन तास माज्या खिशात हाय. तू कंचा वाचलास?" वाटलं, आता वरती रिपोर्ट जाणार, पगार जाणार, आईला काय सांगू.

तुम्ही रिपोर्ट केला नाहीत. पुढची आख्खी वॉच मला त्या चौथ्या बेअरिंगपाशी बसवलंत, हाताची उलटी बाजू त्याच्यावर ठेवून. कान बधिर झाले, हात लाल झाला. सुटताना तुम्ही माझ्या कानाशी ओरडून जे सांगितलंत ते मला अजून पाठ आहे. "नाय बघितलास तर जागा मोकळी सोड. मोकळी जागा दिसली तर मी तरी जाईन बघाया. चौपन्न लिवलेला बघून कोन जानार?" त्यानंतर मी नोकरीभर कानाला खडा लावला. जिथे गेलो नाही तिथे जागा मोकळी सोडली, त्यासाठी शिव्याही खाल्ल्या. निवृत्त होताना तुम्ही तोच थर्मामीटर मला दिलात, पितळी नळीतला. स्टोअरच्या यादीतून तो कसा सुटला हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तो टांगलाय. आत्ता एकतीस दाखवतोय. हे मी उठून, बघून येऊन लिहिलंय.

निवृत्तीनंतर तुम्ही गावी, नेऱ्याला गेलात आणि तिथे बसून माणसांची फेरी सुरू केलीत. महिन्याचा पहिला रविवार, सकाळी नऊ वाजता, एकेकाला फोन. लॉगबुकासारख्याच ओळी मारलेलं रजिस्टर. नाव, तब्येत, घरचे कसे आहेत, शेरा. मग त्यातून एक पत्रक हाताने लिहून, झेरॉक्स काढून सगळ्यांना टाकायचं. कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोणाला बायपास सांगितलीय, कोणाच्या गावी पाणी शिरलं, हे सगळ्यांना त्यातूनच कळायचं. आपण होऊन तुम्हाला फोन करायची मात्र मनाई होती. "बेअरिंग कंदी चालत येतय का? फेरीवाल्यानं जायाचा," असं म्हणायचात. तुमचे कान पार गेले तेव्हा मला बोलावून घेतलंत. वहिनी चुलीपुढे सुकट भाजत होत्या, घरभर धूर. मी नको नको म्हणत होतो. वहिनीच म्हणाल्या, "घ्या हो तुमी. ह्यांना ऐकाया येत नाय, फोनवर नुसते हां हां करतात. परवा एकानं बायको गेल्याचा सांगितला, तं हे म्हनाले, छान छान." तुम्ही ते ऐकलं नाहीतच. तुम्ही रजिस्टर माझ्यापुढे सरकवलंत, आणि तांदळाची भाकरी माझ्या ताटात टाकलीत, म्हणजे विषय संपला.

काही वर्षं मी डोळ्यांत तेल घालून केलं, चीफ. खरंच केलं. पण सगळेच म्हातारे होत गेले. मी विचारायचो, कसा आहेस, तो म्हणायचा ठीक. मग गुडघे, मग साखर, मग डॉक्टरला शिव्या, मग काहीच नाही. दोन्हीकडे इंजिन रूमने खाल्लेले कान. तो ओरडणार, मी ओरडणार, शेजारचे दार उघडून बघणार. पुढे मोबाइलवर ग्रुप झाला, झेरॉक्स बंद पडली आणि काम फारच सोपं झालं. मागच्या महिन्याची यादी घ्यायची, गेलेल्याचं नाव काढायचं आणि बाकीची पुढे पाठवायची. सगळ्यांच्या नावांसमोर 'ठीक'. दीडेक वर्ष मी एकालाही फोन केला नव्हता. कोणी तक्रारही केली नाही. ग्रुपवर फुलांचे सुप्रभात यायचे, कोणीतरी हात जोडायचं, आणि मला वाटायचं चाललंय की.

गेल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी यादी टाकली आणि अर्ध्या तासात माझ्या वरच्या बंकवाल्याचा फोन आला. तुम्हाला तो आठवतोच, झोपेत लाथ मारून माझी उशी खाली पाडणारा. खारघरला मुलाकडे राहायचा, माझ्या घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. मी उचलल्या उचलल्या ओरडलो, काय रे हलकटा. पलीकडून बाईचा आवाज आला. "काका, मी त्यांची सून बोलतेय." "काका, बाबांना जाऊन सात आठवडे झाले. फोन तेव्हापासून बंदच होता. आज पेन्शनच्या कामासाठी चालू केला आणि तुमचा मेसेज आला." ती पोर उलट माझीच समजूत काढत होती. "आमचीच चूक आहे काका, तुम्हाला कळवायला हवं होतं. मला वाटलं ह्यांनी कळवलं असेल, ह्यांना वाटलं मी." आणि मग थांबून म्हणाली, "बाबा ठीक आहेत असं वाचलं ना, क्षणभर मला बरंच वाटलं."

दुसऱ्या दिवशी मी खारघरला गेलो. चौदावा मजला, स्वच्छ घर, माणसं चांगली. त्याचे काही हाल करून ठेवले होते अशातला भाग नाही, तसं असतं तर निदान दुसऱ्या कोणावर तरी चिडता आलं असतं. सून सांगत होती आणि माझ्या हातातला चहा गार होत होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून नऊ वाजता फोन पुढ्यात घेऊन बसायचा. साडेनऊ व्हायचे, दहा व्हायचे. ती म्हणायची, बाबा, तुम्हीच लावा ना फोन. तो म्हणायचा, "छे, छे. त्याची वॉच असेल." मग दुपारी माझी यादी यायची. शेवटचे दोन महिने तो हॉस्पिटलात होता, नळ्या लावलेला, तेव्हाही त्याने ती यादी वाचून घेतली. सुनेला म्हणाला, "बघ, त्याने लिहिलंय मी ठीक आहे. मग असेन ठीक." ती हे हसत हसत सांगत होती, त्याचा विनोदी स्वभाव म्हणून. मी मान डोलावली. मी तिला काही सांगितलं नाही. बाहेर येऊन लिफ्टमध्ये शिरलो आणि कुठल्या मजल्याचं बटण दाबायचं तेच सुचेना, इतकी स्वतःची लाज वाटली.

तुम्ही विचाराल, मग पुढे काय केलंस. या महिन्याच्या पहिल्या रविवारी मीही दाढी केली. नऊ वाजता सुरू केलं, नऊच्या नऊ जणांना फोन. पाच जण बोलले. एकाला मी कोण हेच कळेना, त्याची मुलगी मागून त्याला जहाजाचं नाव सांगत होती आणि तो विचारत होता, "कोणतं जहाज?" तिघांनी उचललाच नाही. तीनदा लावला, संध्याकाळी पुन्हा लावला. मग मी तुम्ही शिकवलंत तसं केलं. यादीत त्या तिघांसमोरची जागा मोकळी सोडली आणि खाली लिहिलं, यांच्याशी बोलणं झालं नाही, जवळपास राहणाऱ्याने कृपया जाऊन बघावं. गेलं दीड वर्ष मी न बघता लिहीत होतो, हेही लिहिलं. वाटलं, आता ग्रुपवर आग लागेल, कोणीतरी मला चांगलं फैलावर घेईल, आणि मला ते हवं होतं. दोघांनी हात जोडले. एकाने गणपतीचा फोटो टाकला. तीन आठवडे झाले, चीफ, मोकळी जागा बघून कोणीही उठलं नाही. उठणार तरी कोण? त्या तिघांतला एक नागपूरला, एक केरळात, एक कुठे आहे ते त्यालाच ठाऊक. मी स्वतः जाऊन बघायचं म्हटलं तर जिना उतरताना बायको हात धरते. तुम्ही जे सांगितलंत ते खरं होतं, पण ते तुम्ही होतात म्हणून खरं होतं. जागा बघून जाणारा माणूसच उरला नाही, तर ती चौपन्नने भरली काय आणि मोकळी सोडली काय.

नेऱ्याला हे पत्र पाठवावं म्हटलं तर तिथेही कोणी नाही. वहिनी गेल्या, तुमच्या जागेवर मुंबईच्या कोणाचं तरी फार्महाउस आहे, मोठं लोखंडी गेट, आत निळी टाकी. तेव्हा हे रजिस्टरातच ठेवणार आहे. त्यासाठीच काल कपाटातून जुनी रजिस्टरं काढली. मला बघायचं होतं की मी न बघता लिहायला नेमकी कधी सुरुवात केली. मी स्वतःला सांगत होतो, मोबाइल आल्यापासून. त्याआधी मी चोख होतो.

पानं मागे मागे उलटत गेलो आणि तुमच्या नावासमोरच्या शेवटच्या नोंदीवर आलो. पहिला रविवार, माझंच अक्षर, 'ठीक'. त्यानंतरच्या बुधवारी तुम्ही गेलात. नेऱ्याच्या ओटीवर मला अजून तो दिवस दिसतो. माणसं बसलेली आहेत, आणि वहिनी माझ्यासमोर येऊन खाली बसतात. "रविवारी मी शेतावर होते. तुमच्याशी बोलले का हो? काय बोलले?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, हो तर, चांगले बोलले. म्हणाले, मी ठीक हाय, तू वेळेवर जेवत जा. वहिनींनी पदर तोंडाला लावला. पुढे जो येईल त्याला त्या हेच सांगायच्या, रविवारी ठीक हाय म्हणाले होते. जाईपर्यंत सांगत राहिल्या.

त्या रविवारी मी तुम्हाला फोन लावलाच नव्हता. तुम्ही दाढी करून फोनजवळ बसला होतात की नाही, हे आता सांगायला कोणी नाही. मला दुसरं काही काम नव्हतं, चीफ. तुम्हाला ऐकू यायचं नाही, आणि मला ओरडायचा कंटाळा आला होता.