सव्वीस इंची नळी

बाबा, दसरा जवळ आला की तुमच्याशी काही बोलायचं राहिलंय असं वाटत राहतं. लहानपणी तुम्ही शाळेतल्या कविता माझ्याकडून चालीवर म्हणवून घ्यायचात, त्यामुळे एकटा असलो की म्हातारपणीही काहीतरी गुणगुणत असतो. फक्त एक कविता आता ओठांवर येत नाही. त्या पहाटे तीच म्हणत होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आई गेल्यावर तुम्ही माझ्याकडे अमेरिकेत, चँडलरला राहायला आलात. कामावरचा फोरमन मला एल्कच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या सांबराच्या, शिकारीला नेणार, म्हणून आपण तिघं बंदुकांच्या दुकानात उभे आहोत. काउंटरवर दोन मॅग्नम रायफली, एकीची नळी बावीस इंची, दुसरीची सव्वीस. फोरमन म्हणतो, "शॉर्ट घे, झाडीत अडकत नाही." दुकानदार म्हणतो, लांब नळीत गोळीला वेग जास्त. तुम्ही दोन्ही नळ्या वितीनं मोजता आणि मला हळूच सांगता, "लांबच घे रे. गोळी सुटतानाचा जाळ तुझ्या तोंडापासून जितका दूर, तितका बरा." मी ते इंग्रजीत सांगितल्यावर फोरमन हसला. "ओके, डॅड इज द बॉस. पण लांब नळी कुठंही टेकते, माती भरते. आत काही अडकलेलं असताना फायर केलंस तर ती तुझ्या तोंडाशी फुटेल. लोड करण्याआधी आरपार बघायचं. एव्हरी टाइम."

खंडेनवमीला तुम्ही रायफल पाटावर ठेवलीत. शेजारच्या मेक्सिकन बाईंच्या अंगणातला झेंडू मागून आणलात. "शस्त्र आहे, पुजल्याशिवाय बाहेर काढायचं नाही," म्हणत हळदकुंकू, अक्षता वाहिल्यात आणि देवाच्या तसबिरीत खोवावं तसं एक फूल नळीच्या तोंडात खोवलंत. दुसऱ्या पहाटे निघताना मी ते काढलं, डोळ्यांना लावलं. फुलाला देठ नव्हता, हे ध्यानातच आलं नाही.

डोंगरात पाइनच्या झाडांमागे एल्क ओरडतं. मी कविता गुणगुणत रायफलीत भरायला घाईनं गोळी काढतो. फोरमन हात धरतो. "बोल्ट काढ आधी." मागचा तो दट्ट्या काढून मी डोळा लावून पाहतो, तर नळीतून आभाळ दिसत नाही. सळई घातली तेव्हा देठ बाहेर आला, कुंकवानं माखलेला, सोबत थोडे तांदूळ. फोरमन कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लेट्स गो होम."

घरी तुम्ही दारातच. "मिळालं का काही?"

"दिसलंच नाही, बाबा."

"पूजेत काहीतरी कमी पडलं असेल. पुढच्या वर्षी जास्त फुलं वाहू."

पुढचा दसरा यायच्या आत मी रायफल विकून टाकली. तुम्ही शेवटपर्यंत चिडवत राहिलात, "कविता म्हणणारं पोर, ह्याला कसली झेपतेय शिकार." मी हसत राहिलो. लांब नळी तुम्ही निवडली नसतीत तर फोरमननं ती ताकीद दिली असती का, हा विचार आजही पाठ सोडत नाही. देठाचं हे तेव्हा सांगितलं असतं, तर तुम्ही पुन्हा कधी कशाचीच पूजा केली नसतीत.

हा कागदही टेबलाच्या खणातच राहील. एवढंच सांगतो, तुमच्या फोटोला दसऱ्याला झेंडू वाहतो, पण फ्रेमच्या फटीत खोवत नाही. समोर ठेवतो, देठ खुडून.