चौथा बदल मागे

उचगाव, ता. ९ जून

सौ. आक्कास,
सम्राटचा शि. सा. न. वि. वि.

काल सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य पालटलं. फोनवर मी ओरडतो म्हणून तू पत्र मागतेस, तर घे. कागदावरबी ओरडतोयच.

आमचं दूध डेअऱ्यांचं अ‍ॅप तुला ठाऊक हाय. त्यात काही दुरुस्त केलं की खाली एक ओळ लिहायची. नवी आवृत्ती निघाली की त्या ओळी आपोआप गोळा होतात, यादी बनते आणि सगळ्या डेअऱ्यांना जाते. मधे माणूस न्हाय. ही सोय माझीच. कंपनीचे मालक धनपालशेठ, त्यांच्यापुढं मिरवली होती की! पण निशिगंधाला लग्नाचं विचारून पंधरा दिवस झाले, डोकं ठिकाणावर न्हवतं. मनात येईल ते त्या ओळींत लिहीत गेलो.

गेलेली यादी अशी: १. पावतीवर फॅटचा आकडा नीट दिसेल. २. निशिगंधानं मेसेज बघितला, उत्तर दिलं नाही. ३. नाव अर्धं छापत होतं, ते पुरं केलं. ४. तिच्या बाबांच्या मिशा काढल्या तर भीती निम्म्यानं कमी होईल.

तिचे बाबा म्हणजे गगनबावड्याकडच्या डेअरीचे सेक्रेटरी, आकाराम. आलेली सूचना भोंग्यावर वाचायची त्यांची रीत. कॅन घेऊन रांगेत उभ्या गावाला त्यांनी चौथीसकट वाचून दाखवली. निशिगंधा शेजारीच, कॉम्प्युटरवर!

शेठ म्हणतात, जुनी आवृत्ती परत लाव. भोंग्यातनं गेलेलं परत कसं आणू? राजीनामा लिहून ठेवलाय.

माया पातळ करू नकोस.
तुझा सम्राट

जयसिंगपूर, ता. १२ जून

चि. सम्राटास,
आक्काचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसता हसता भाकरी करपली. तुझ्या दाजींनी ती मुकाट्यानं खाल्ली.

सरांनी जर्नल फेकलं म्हणून तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलंस. आता भोंग्यापायी नोकरी? सोडणं तेवढं तुझं आपोआप होतंय बघ. मधे माणूस ठेव बाबा. पाठवायच्या आधी कुणीतरी वाचून व्हय म्हणायला पाहिजे. आणि चूक ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं माफी पाठव. आधी मिशांची.

वेळेवर जेव. राग आला तर पहिल्यांदा मला कळव.
तुझी आक्का

उचगाव, ता. १७ जून

सौ. आक्कास,
सा. न. वि. वि.

राजीनामा फाडला. आता शेठांनी मंजूर केल्याशिवाय यादी हलत न्हाय. परवाची त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचली आणि सोडली: १. मागच्या यादीतला चौथा बदल मागे घेतला. मिशा होत्या तशाच राहतील, माफी असावी. २. दुसऱ्या नंबरचा दोष अजून तसाच.

आकारामांनी तीबी भोंग्यावर वाचली म्हणे, मिशीवर हात फिरवत.

आज सकाळी त्यांच्या डेअरीची तक्रार आली. लिहिणारी निशिगंधा. दुसऱ्या नंबरचा दोष मेसेजवर दुरुस्त होणार नाही, ज्यानं लिहिलं त्यानं समक्ष यावं, आणि आवाज बारीक ठेवावा. आवाजाचं वाचून भडकलोच होतो, तेवढ्यात खाली नजर गेली. त्यांच्याकडं सेक्रेटरींनी पास केल्याशिवाय तक्रार बाहेर पडत न्हाय. तिथं होतं: मंजूर. आकाराम.

दहाची एसटी हाय. लोभ तुझा रोजचाच, आज वाईच जास्त लागंल. पेन ठेवतो, बाहेर पडतो, दार ओढून घेतो. हळूच.

सम्राट