तुलनेसाठी दिलेलं रक्त

रेकयाविक, १९ जानेवारी १९९९

तीर्थरूप बाबांना,
आल्फदीसचा सा. न. वि. वि.

पत्र बघून म्हणाल, हिचा फोन मोडला की काय? फोन धडधाकट आहे. पण तुमच्याकडे तो हुग्रून उचलते, आणि तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून सगळं तीच ओरडून सांगते. हे तिच्या कानावर जायला नको, म्हणून पत्र.

मी प्रयोगशाळेत काय करते ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, काचेच्या नळ्या धुते एवढंच गावभर सांगता. तर ऐका. ज्या घराण्यांत बायकांना स्तनाचा कर्करोग होतो, त्यांच्या रक्तातल्या पेशींना आम्ही क्ष-किरण देतो आणि आतले डीएनएचे धागे किती तुटले, किती पुन्हा सांधले गेले ते मोजतो. शेजारी तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त लागतं. ते आम्ही कामावरची माणसंच पाळीपाळीने देतो. डिसेंबरात माझी पाळी होती, आणि माझ्याच नळीत तुटलेले धागे जास्त निघाले. आधी यंत्राला बोल लावला, मग पेशींच्या खाद्याला, मग माझ्या मोजणीला. तिसऱ्या खेपेला आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी स्वतः मोजलं आणि मला बसायला खुर्ची दिली.

नुसत्या मोजणीवरून काही ठरत नाही, म्हणून जनुकाची तपासणी केली. बाबा, दोष माझ्यात आहे. तुटलेलं सांधायचं काम ज्या जनुकाचं, त्याचीच एक प्रत निकामी आहे. आईच्या माहेरच्या बायका नव्वदीपर्यंत धारा काढत होत्या, तेव्हा हे तुमच्याकडून आलं असावं. तुमची आई कशाने गेली?

हुग्रूनमध्येही, माझी सख्खी बहीण म्हणून, हे असण्याची शक्यता निम्मी आहे. मला फार भीती वाटते. तिला इतक्यात सांगू नका. नवरा सोडून गेल्यापासून ती आत्ता कुठे पोटभर जेवायला लागली आहे. फक्त तिला एक्स-रेच्या भानगडीत पडू देऊ नका. आमच्यासारख्यांच्या पेशींना किरणं जास्त बाधतात असं दिसतंय. मार्चमध्ये आले की नीट सांगेन.

लोभ आहेच, तो या बातमीनंतरही आटू देऊ नका.

तुमची,
आल्फदीस


होल्टाकोट, २७ जानेवारी १९९९

चि. आल्फदीस हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. माझी आई अडतिसाव्या वर्षी गेली, मी नऊ वर्षांचा होतो. कशाने गेली ते आम्हा पोरांना कुणी सांगितलं नाही. तिचं अंथरूण परसात जाळलं एवढं आठवतं.

गेल्या वर्षी मी एडक्यांचं रक्त तपासायला पाठवलं होतं. मेंढ्यांच्या त्या थरथरीच्या रोगापायी शेजारच्या खोऱ्यातले कळपच्या कळप मारावे लागले, तुला ठाऊकच आहे. माझ्या सगळ्यात देखण्या एडक्यात त्या रोगाला बळी पडणारं वाईट जनुक निघालं. त्याला मी ठेवला नाही, त्याची पिल्लंही ठेवली नाहीत. काल एडक्यांच्या नोंदींच्या वहीत तुझं पत्र ठेवलं आणि मनात आलं, आता माझं काय करायचं?

पण तू काळजी करू नकोस, तुझा शब्द मी पाळला. हुग्रूनच्या छातीत नाताळनंतर वाटाण्याएवढी गाठ लागली होती. बया बोलली नव्हती. काल मंगळवारी आकुरेयरीच्या इस्पितळात छातीचा एक्स-रे फोटो काढायचा होता, मला घेऊन चला म्हणाली तेव्हा कळलं. मी म्हटलं, खिंडीत बर्फ आहे, गाडी जाणार नाही. बर्फ नव्हता. तिने तारीख रद्द केली, पुढची घेतली नाही, आणि वर मला म्हणते कशी, की बरंच झालं, तिलाही जायचं नव्हतं. तेव्हा तू निश्चिंत राहा.

प्रकृतीला जप. म्हाताऱ्याला विसरू नकोस.

तुझे,
बाबा


रेकयाविक, ३० जानेवारी १९९९

तीर्थरूप बाबांना,
सा. न. वि. वि.

अहो बाबा, हे काय करून बसलात! नाही, तुम्ही नाही, हे मी केलं. उगाच काढायचे फोटो टाळा असं मला म्हणायचं होतं. मला काय माहीत घरात गाठ आहे! गाठ अंगात ठेवण्यापेक्षा एक फोटो केव्हाही परवडला. आणि सोनोग्राफीला तर ती किरणं लागतच नाहीत.

पत्र वाचलं आणि तशीच फोनला धावले. हुग्रून म्हणाली गाठबिठ काही नाही, बाबांना काहीतरीच वाटतं, आणि फोन ठेवून दिला. पुन्हा केला तर उचललाच नाही. आमच्या बाईंना सांगितलं तर त्या माझ्यावर कडाडल्या. नळीतल्या पेशी बघून माणसांना सल्ले द्यायला मला कुणी सांगितलं होतं, असं विचारलं.

तुम्ही एडका नाही आहात, बाबा. असं पुन्हा लिहिलंत तर मी बोलणार नाही तुमच्याशी.

पत्र पोचल्या दिवशी तिला घेऊन जा. काय वाटेल ते कारण सांगा, पण न्या. मी हात जोडते. माझ्या हातून तिचं काही बरंवाईट झालं तर मी काय करू?

रागावलात तरी आशीर्वाद तोडू नका.

तुमची,
आल्फदीस


होल्टाकोट, ११ फेब्रुवारी १९९९

ती. ताईस,
हुग्रूनचा नमस्कार. वि. वि.

पाकिटावर तू लाल शाईने तातडीचं असं लिहिलंस. टपालवाल्या बाईंनी ते माझ्या हातात दिलं. वाटलं, तुलाच काही झालं. उभ्या उभ्या फोडलं. वर नाव बाबांचं, आणि खाली ओळीओळीत मी! मग बाबांनी तुझं पहिलं पत्रही एडक्यांच्या वहीतून काढून दिलं आणि तिथेच बसून रडले. आई गेली तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेलो. खिंडीत त्यांनी गाडी थांबवली आणि म्हणाले, त्या दिवशी इथे असाच मोकळा रस्ता होता. मी म्हटलं, मला माहीत होतं, सकाळी रेडिओवर सांगितलं होतं. मलाच जायचं नव्हतं गं. भीती वाटत होती.

सोनोग्राफी झाली, फोटो झाला, सुई घालून तुकडा काढला. काल निकाल लागला. कर्करोग आहे. लहान आहे, सव्वा सेंटीमीटर. बावीस तारखेला ऑपरेशन. नुसती गाठ काढली तर पुढे किरणं घ्यावी लागतील. त्या किरणांनी माझ्या पेशी बिघडतील का म्हणून मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धडधाकट बाईचे उगाच फोटो काढणं वेगळं आणि उपचार वेगळा, पण आधी जनुक तपासू, मग नुसती गाठ काढायची की सगळंच, ते मीच ठरवायचं. मी लगेच रक्त दिलं. मधल्या दिवसांनी काही बिघडलेलं नाही असंही त्या म्हणाल्या. ते मी बाबांना तीनदा ओरडून सांगितलंय, चौथ्यांदा तू सांग.

तुझ्यावर मी रागावले आहे. मी जेवायला लागले की नाही याची उठाठेव करतेस, आणि तुला काय झालंय ते मला सांगत नाहीस? डिसेंबरपासून तू तो निकाल घेऊन एकटी बसलीस. इथे मी गाठ घेऊन बसले होते. आणि दर रविवारी आपण दोघी फोनवर काय बोलत होतो, तर वारा किती आहे!

मार्चची वाट बघू नकोस. बावीसच्या आत ये. बाबा धीर देतील, पण ते ओरडून देतात आणि सगळ्या इस्पितळाला ऐकू जातं.

लोभ असावा असं शेवटी लिहायची पद्धत आहे. लोभ पाठवू नकोस, तूच ये. मला फार भीती वाटते, ताई.

तुझी,
हुग्रून